तीन सेकंदांचं कोपर

माझ्या मामाचं कोपर प्रसिद्ध होतं. बाकीच्या मामाला कुत्रंही ओळखत नव्हतं, पण कोपर पस्तीस वर्षं टीव्हीवर दिसत होतं, तेही संथ गतीत. झुलपेवाल्या गायकाचं ते गाजलेलं गाणं, दुसऱ्या कडव्याची मधली ओळ. गायक डोळे मिटून विरहाने व्याकूळ झालेला असतो, केस उडत असतात, पायाशी धूर असतो, आणि डावीकडून एक कोपर चौकटीत शिरतं. हिरवा स्वेटर, त्यावर लाल चौकड्यांचं वाकडं ठिगळ. तीन-साडेतीन सेकंद थांबतं आणि आल्या वाटेने निघून जातं. गायकाला त्याचा पत्ताही नसतो.

इतरांच्या घरांत मोठ्या माणसांबरोबर काढलेले फोटो भिंतीवर असतात. आमच्याकडे कोपर होतं. गाणं लागलं की मामी हातातलं काम टाकून ओरडायची, "आलं, आलं, या लवकर!" आणि आम्ही स्वयंपाकघरातून, गच्चीवरून धावत यायचो. एकदा तर मी डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आले. पाहुण्यांना ते सक्तीने दाखवलं जायचं. पाहुणे म्हणायचे, "कुठंय?" तोवर ते गेलेलं असायचं.

मामाचा धंदा सांगायचा तर तो गाणी वाजवायचा. वाद्य एकही येत नव्हतं; टेप वाजवायचा. गाण्याच्या व्हिडिओत गायक गात नाही, नुसते ओठ हलवतो, हे मामाने मला सहाव्या वर्षी सांगून टाकलं आणि माझं बालपण तिथेच आटोपलं. गाणं आधीच स्टुडिओत गाऊन झालेलं असतं. चित्रीकरणाच्या वेळी ते मोठ्याने वाजवायचं आणि गायकाने त्यावर ओठ जुळवायचे. ओठ चुकले, ढग आला, घोडा शिंकला, की दिग्दर्शक बोंबलणार, "पुन्हा!" मग मामाने टेप उलटी फिरवून त्याच शब्दाच्या अर्धा श्वास आधी आणून ठेवायची. टेपच्या पाठीवर त्याने पिवळ्या मेणाच्या पेन्सिलीने खुणा केलेल्या असत, पण त्या शोभेपुरत्या. डोळे मिटूनही तो बरोबर जागेवर यायचा. एक गाणं दिवसातून साठदा, तेही तुकड्यातुकड्यांत. तिथे त्याला कोणी नावाने हाक मारत नसे. "पुन्हाला बोलवा." "पुन्हाचं जेवण झालं का?"

त्या शब्दाने त्याच्या डोक्यात तिडीक जायची. घरात त्याने तो कधी उच्चारला नाही. चहा आणखी हवा असेल तर कप टेबलावर दोन बोटं पुढे सरकवायचा. मामी मुद्दाम विचारायची, "काय हवंय? तोंडाने सांगा की." तो कप आणखी दोन बोटं पुढे सरकवायचा.

त्याने सुरुवात केली तेव्हा गाण्याचा व्हिडिओ म्हणजे एक माणूस, एक खांब आणि एक कॅमेरा. माणूस खांबाला टेकून गाणार, कॅमेरा बघत बसणार. फारच हौस आली तर दुसऱ्या कडव्याला माणूस खांबाच्या पलीकडच्या बाजूला जाणार. "त्या काळी गायकाला निदान गाणं पाठ असायचं," मामा म्हणायचा. "खांबालासुद्धा."

मग दिवसभर फक्त गाणीच दाखवणारी वाहिनी निघाली आणि सगळ्यांच्या अंगात आलं. धूर आला, पंखा आला, केस आले. काहीएक कारण नसताना पांढरी कबुतरं आली. घोडा जिन्यावरून उतरायला लागला. प्रत्येक गाण्यात कोणीतरी बाई मेणबत्तीवर पत्र जाळायची, आणि मामा टेपमागून पुटपुटायचा, "अगं, एखादं वाचून तर बघ." हा धुराचा काळ संपला तेव्हा कात्रीवाल्यांचं राज्य आलं. अर्ध्या सेकंदाला चित्र बदलायचं. गायकाचा एक डोळा, मग बूट, मग मोटार, मग चाळीस नाचणारे, मग दुसरा डोळा. मामीला बघून गरगरायचं. "एवढे तुकडे पाडायचे होते तर आधी धड काढलं कशाला?" असं ती विचारायची, आणि कपडे शिवणारी बाई विचारतेय म्हणून तो प्रश्न मला अजूनही रास्त वाटतो.

पुढे हिरवा पडदा आला. गायक त्या पडद्यासमोर एकटाच उभा राहून समुद्राला हाका मारायचा. समुद्र नंतर कॉम्प्युटरवर भरणार. एकदा कोणाच्या तरी डुलकीमुळे समुद्राऐवजी डोंगर भरला गेला आणि गायक डोंगराला लाटांबद्दल विचारतोय असा व्हिडिओ दोन दिवस चालला. लोकांना तो खोल अर्थाचा वाटला. आणि शेवटी फोन आले. उभं चित्र, पंधरा सेकंद, खेळ खलास. "आधी अख्खं गाणं होतं," मामा म्हणाला, "मग एक कडवं गेलं, मग नुसतं ध्रुवपद उरलं. आता शिंक आली तरी गाणं चुकतं." त्या पंधरा सेकंदांना टेपवाला लागत नव्हता. मामा घरी बसला, टेपचं यंत्र पलंगाखाली गेलं आणि मामीने त्याला अंगरखा शिवला.

कोपर मात्र धुराच्या काळातलं. ते चौकटीत शिरलं कसं, ते ऐकण्यासारखं आहे.

केस संथ उडायला हवेत, पण ओठ तर गाण्याला जुळायला हवेत, यासाठी या लोकांची एक युक्ती असते. गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं, गायकाने दुप्पट वेगाने तोंड हलवायचं आणि कॅमेराही दुप्पट वेगाने पळवायचा. पडद्यावर सगळं निम्म्या वेगाने आलं की ओठ बरोबर पडतात आणि केस तेवढे हवेत तरंगत राहतात. म्हणजे तुम्ही डोळ्यांत पाणी आणून जो विरह बघता, तो तिथे प्रत्यक्षात उंदरांच्या भांडणासारखा ऐकू येत असतो, आणि गायक सुपारी कातरल्यासारखा भराभर जबडा हलवत असतो. त्या दिवशी कॅमेऱ्यात फिल्मचं शेवटचं रीळ होतं आणि गायकाला विमान गाठायचं होतं. पंखेवाल्याने उत्साहाच्या भरात पंखा पूर्ण सोडला. तो वारा केसांबरोबर मामाच्या यंत्रातही घुसला. टेप सैल पडली. आणखी एक वीत सैल पडली असती तर गाणं अडखळलं असतं, ओठ चुकले असते आणि तो व्हिडिओ कधीच झाला नसता. मामाने वाकून टेप अंगठ्याने ताणून धरली आणि ओळ संपेपर्यंत मनात ठेका मोजत तिला चालवली. पावणेदोन सेकंद. पडद्यावर त्याचे साडेतीन झाले. अंगठा गाण्यासाठी झटत असताना कोपर कुठे जातंय हे बघायला त्याला फुरसत नव्हती.

ते ठिगळ मामीचं. मामी कपड्यांच्या कारखान्यात बाह्या जोडायची. सदरे येत, बाह्या येत, ती जोडून पुढे ढकलायची. तिच्या हातचा टाका वाकडा गेलेला कोणी पाहिला नव्हता. पण सहा दिवसांसाठी म्हणून गेलेला मामा तेव्हा अकराव्या दिवशी उगवला होता आणि दुसऱ्या सकाळी परत निघणार होता. स्वेटरचं कोपर फाटलेलं. मामीने जुन्या पडद्याचा तुकडा घेतला आणि तो दाढी करत असताना पिवळ्या दोऱ्याने कचाकचा लावून टाकला. स्वेटर खुर्चीवर फेकला. कोणी कोणाशी बोललं नाही. मामा तो घालून तसाच दार ओढून गेला.

गाणं पहिल्यांदा टीव्हीवर लागलं तेव्हा मामीने कपाळावर हात मारला. "अख्ख्या दुनियेला माझं वाकडं ठिगळ दाखवून आलात! कारखान्यात कोणत्या तोंडाने जाऊ?" दुसऱ्या दिवशी ती खाली मान घालून कारखान्यात गेली तर बायकांनी तिला गराडाच घातला. तिथून पुढे कोपराची मालकी बदलली. मामाने कधी चारचौघांत फुशारकी मारलीच तर ती कोपरखळी मारायची, "तुमचं काय आहे त्यात? हाड तुमचं. दिसतंय ते माझं."

त्या सकाळच्या भांडणाबद्दल मात्र ती दोघं पुढे कधी बोलली नाहीत. थट्टा ठिगळाची व्हायची, सकाळची नाही.

मामीने ते गाणं टीव्हीवरून व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतलं होतं आणि वर कागद चिकटवून लिहिलं होतं, "कोपर." ती कॅसेट मी बिघडवली. नऊ वर्षांची होते. देवमाशांवरचा कार्यक्रम हवा होता, हाताला लागली ती कॅसेट घातली आणि बटण दाबलं. कोपराच्या जागी देवमासा आला. मामी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवटी मामानेच मध्यस्थी केली. "अगं, दर आठवड्याला लागतं ते. कोपर काय पळून जातंय?"

गेल्या पावसाळ्यात मामी गेली. मला वाढवलं तिनेच, आई दिवसभर कामावर असायची, त्यामुळे मी काय गमावलं ते माझं मला माहीत. मामा रडला नाही. टीव्ही बंद करून त्याच्यासमोर बसायला लागला. दातांच्या दवाखान्यात मी रुग्णांच्या नोंदी लिहिते. तिथून सुटले की रोज त्याच्याकडे जायचे, चहा करायचे, तो कप सरकवायचा, मी ओतायचे. पाचव्या महिन्यात एकदा तो म्हणाला, "ते गाणं लाव जरा."

मी लावलं. गाण्याच्या कंपनीने जुनी गाणी नव्याने घासूनपुसून इंटरनेटवर टाकली होती, हेही त्यातलंच. लख्ख चित्र. गायकाचा केस न् केस वेगळा दिसत होता, धूरसुद्धा धुतल्यासारखा. दुसरं कडवं आलं. मधली ओळ आली. मामा पुढे झुकला. डावीकडे रिकामी भिंत होती. ओळ संपली आणि कोपर आलं नाही.

"पुढे असेल," मामा म्हणाला. पुढे नव्हतं. आम्ही चार वेळा बघितलं. चौथ्यांदा संपल्यावर तो माझ्याकडे वळला. "मी होतो ना गं तिथे?"

मला रडू आलं. पण रडण्यापेक्षा शिव्या देणं मला सोपं जातं, म्हणून मी कंपनीला दिल्या. मग जुनं चित्र शोधायला बसले. जुन्या सगळ्या प्रती कंपनीने हक्क सांगून इंटरनेटवरून काढायला लावल्या होत्या. स्वेटर कधीच फरशी पुसायला जाऊन झिजून गेला होता. कॅसेटवर देवमासा. मामीने लावलेला तो तुकडा फक्त त्या चित्रात उरला होता आणि तिथेही राहिला नव्हता. मामाला तो बघायचा होता, बाकी त्याचं काही मागणं नव्हतं.

कंपनीला फोन केला तर "कृपया थांबा" म्हणून तेच गाणं वाजायला लागलं, तेही मधूनच आणि ठेका मोडून. पंधरा मिनिटं मामाने ते ऐकलं आणि पलीकडच्या बाईने "नमस्कार" म्हणताच तो गरजला, "आधी ती टेप नीट जोडा!" तिने फोन ठेवला. मग मी पत्र लिहिलं. उत्तर आलं: मूळ फिल्म खराब झाल्याने नष्ट करण्यात आली असून नव्या आवृत्तीत चित्रातील दोष काढून टाकण्यात आले आहेत. मामाने ते दोनदा वाचून घेतलं. "दोष," तो म्हणाला. "तुझी मामीसुद्धा मला हेच म्हणायची, पण ती ठेवून घ्यायची." पत्राच्या तळाशी, साफसफाई ज्या स्टुडिओने केली त्याचा पत्ता होता.

मंगळवारी सुट्टी टाकून मी त्याला घेऊन गेले. बसमध्ये सगळा वेळ तो हळू आवाजात शिव्यांची तालीम करत होता. पुढच्या बाकावरची बाई उठून दुसरीकडे बसली. स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली निघाली. खिडक्यांना काळे पडदे, टेबलावर दोन मोठे स्क्रीन, खाली पायाशी हीटर, आणि हातात कॉम्प्युटरचं पेन घेतलेली, चष्मा कपाळावर चढवलेली तिशीची एक मुलगी. तिचं काम म्हणजे जुन्या चित्रांतून नको ते पुसणं.

"तुम्ही माझं कोपर पुसलंत," मामाने सुरुवात केली.

ती ताडकन उठली. "कोपर? हिरवा स्वेटर? ते तुम्ही?" आणि खुर्ची पुढे करत म्हणाली, "बसा ना, बसा! अहो, सहा दिवस काढलेत मी तुमच्याबरोबर."

मामाची तालीम वाया गेली. तो बसला.

ती सांगायला लागली. पुसायचं म्हणजे आधी त्याच्या कडेकडेने कापून काढावं लागतं, हाताने, एकेक चित्र. त्या साडेतीन सेकंदांत ब्याऐंशी चित्रं होती. "लोकरीच्या तुसांनी माझा जीव काढला. एकेक तूस वेगळं! सहाव्या दिवशी मी तुमच्या कोपराला इथूनच कोपरापासून नमस्कार केला."

"मग ठेवायचं तसंच," मामा गुरकावला.

"माझ्या हातात असतं का ते? यादी वरून येते. कापलेलं टाकून द्यायचं असतं." ती थोडी ओशाळली. "मी टाकत नाही. मन होत नाही."

कॉम्प्युटरमध्ये तिचा एक कप्पा होता, नाव "कचरा". त्यात तिने पुसलेलं सगळं होतं. एका राजकन्येच्या मनगटावरचं घड्याळ, चौकटीत लोंबणारे माइक, गायिकेच्या नाकावर बसलेली माशी, जिन्यावरच्या घोड्याने जिन्यावरच केलेला उद्योग. आणि कोपर.

तिने ते लावलं. पूर्ण काळा पडदा. झुलपेवाला नाही, धूर नाही, केस नाहीत, गाणंही नाही. डावीकडून मामाचं कोपर एकटंच आलं, संथ, आणि काळोखाच्या मधोमध थांबलं. हिरवी लोकर, लाल चौकड्या, पिवळा दोरा. मग निघून गेलं. मामाचा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबलेला मी पाहिला. तो ठेका मोजत होता.

"ठिगळ कोणी लावलं होतं?" मुलीने विचारलं.

"बायकोने. रागात होती."

"हो, ते कळतं." तिने चित्र थांबवलं आणि ठिगळ पूर्ण पडद्याएवढं मोठं केलं. टीव्हीवर नखाएवढं दिसणारं ते आता दारापेक्षा मोठं झालं. तिने पेनाने दाखवलं. "हे वरचे टाके बघा. लांबलांब, ओढून घातलेले. एक तर अर्धवटच सोडलाय. इथे कोपऱ्यापर्यंत राग आहे. आता इथून खाली या. जवळजवळ यायला लागले ना? आणि हे शेवटचे आठ. किती बारीक आहेत! शेवटी गाठ मारून दोरा आत लपवलाय, टोचू नये म्हणून. हे पुसताना माझ्या जिवावर आलं. खाली येईपर्यंत त्यांचा राग गेलेला असणार."

अंगात घातलेल्या स्वेटरचं कोपर घालणाऱ्याला दिसत नाही, आणि टीव्हीवर ते कधी एवढं थांबलं नव्हतं.

"मी मागे न बघता गेलो होतो," मामा म्हणाला. "मला वाटलं, ती तशीच आहे."

मुलीने चित्र पूर्वीएवढं केलं आणि पुढे सोडलं. कोपर निघून गेलं, पडदा काळा झाला. मामाने टेबलावर पालथा ठेवलेला हात दोन बोटं पुढे सरकवला. मला समजलं. तिला कसं समजणार?

"काय हवंय, काका?" तिने विचारलं. "सांगा ना."

मामाने हात आणखी दोन बोटं सरकवला. मग थांबला. घसा खाकरला.

"पुन्हा," तो म्हणाला.

तिने मागे नेऊन लावलं. कोपर आलं, थांबलं, गेलं.

"अर्धा श्वास आधी घ्यायचं असतं, बाळ," मामा डोळे पुसत म्हणाला. "पुन्हा."